बिलबुकाकडून स्वयंचलित बीजकाकडे

ज्याला आज सर्रास 'बिल' किंवा 'इन्व्हॉइस' म्हटले जाते, त्याला जुन्या पेढ्यांत 'बीजक' असा नेमका शब्द होता. या शब्दातच 'बीज' आहे. विक्रीची नोंद, गिऱ्हाइकाच्या नावे पडणारी रक्कम, मालसाठ्यातील घट, शासनाला भरावयाचा कर आणि वर्षअखेरचा नफातोटा हे सारे ज्या एका कागदातून उगवते, तो कागद म्हणजे बीजक. ते वेळेवर आणि बिनचूक झाले तर पुढचे हिशेब सरळ उभे राहतात. ते रेंगाळले किंवा चुकले, तर वर्षअखेरीस सनदी लेखापालासमोर बसून जमाखर्चाचा मेळ घालताना घरातल्या सर्वांची झोप उडते.

असे असूनही कौटुंबिक व्यापारात सर्वांत शेवटी सुधारणा होते ती याच कामात. गोदाम नवे बांधले जाते, मालवाहू टेम्पो घेतला जातो, दुकानाला काचेचे दरवाजे बसतात. पण बिल मात्र त्याच जाड पुठ्ठ्याच्या बिलबुकात, तोच निळा कार्बन घालून लिहिले जाते. ही सवय का टिकली, तिची खरी किंमत काय आणि ती बदलताना काय सांभाळावे, याचा विचार आता लांबणीवर टाकण्याजोगा राहिलेला नाही.

एकच आकडा सहा वेळा

उदाहरणादाखल सांगली–मिरज परिसरातील हार्डवेअरची एखादी मध्यम घाऊक पेढी डोळ्यांसमोर आणावी. नळ, पाइप, बिजागऱ्या, खिळे, तारेची जाळी, सिमेंट अशा दोन हजारांवर जिनसा. गिऱ्हाईक बरेचसे तासगाव, विटा, जत, कवठेमहांकाळ या बाजूचे. काही राज्याच्या सीमेपलीकडचे, चिकोडी, अथणी, बेळगावचे. वर्षाची विक्री ६ कोटी रुपये आणि दिवसाला सरासरी ३० बिले, असे धरू.

अशा पेढीतील एका विक्रीचा प्रवास पाहण्यासारखा असतो. फोनवर आलेली मागणी प्रथम चिठ्ठीवर उतरते. चिठ्ठी गोदामात जाते आणि निघालेल्या मालाचे चलन लिहिले जाते. चलन गादीवर येते. दिवाणजी त्यावरून भाव लावून बिल करतात. वस्तूंच्या विक्रीत बिलाच्या तीन प्रती लागतात: मूळ प्रत खरेदीदाराला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी पेढीची. त्यानंतर बिलाचा आकडा विक्री नोंदवहीत जातो, तेथून गिऱ्हाइकाच्या खात्यावर खतावला जातो आणि महिनाअखेरीस बिलांचा गठ्ठा कर सल्लागाराच्या कार्यालयात गेल्यावर तेथील मुलगा तेच आकडे पुन्हा संगणकात भरतो. चिठ्ठी, चलन, बिल, नोंदवही, खतावणी आणि संगणक अशी एकाच व्यवहाराची सहा वेळा नक्कल होते. दिवसाला ३० बिले म्हणजे १८० नकला. त्यातल्या प्रत्येक नकलेत चूक शिरायला जागा आहे.

चुकाही ठरावीक जातीच्या असतात. १,६०८ ऐवजी १,६८० लिहिले जाते. जुन्या बँक कर्मचाऱ्यांना आणि दिवाणजींना एक खूण ठाऊक असते: दोन शेजारचे अंक उलटसुलट झाले, तर येणारा फरक नेहमी ९ ने भागला जातो. येथे फरक ७२ चा. मेळ जुळेना की प्रथम फरकाला ९ ने भागून पाहायचे, ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडली. मात्र ही युक्ती इतकी सर्वतोमुखी असावी, यातच अशा चुका किती नित्याच्या होत्या हे दिसून येते.

उशिराचे व्याज

चुका निदान कधीतरी सापडतात. उशीर मात्र कोणत्याही वहीत दिसत नाही, म्हणून तो अधिक महाग पडतो.

सोमवारी माल गेला, पण भाव पक्का करून बिल गिऱ्हाइकाच्या हाती पडायला शुक्रवार उजाडला, तर उधारीचे दिवस शुक्रवारपासून मोजले जातात. कागदावर मुदत ३० दिवसांची. व्यवहारात ती ३४ दिवसांची होते. ६ कोटींच्या वार्षिक विक्रीला ३६५ ने भागले, तर एका दिवसाची विक्री सुमारे १ लाख ६४ हजार रुपये येते. ४ दिवसांचा उशीर म्हणजे साधारण ६ लाख ५७ हजार रुपये कायमचे बाहेर अडकलेले. पेढी बँकेच्या कॅश क्रेडिटवर चालत असेल आणि व्याजाचा दर १० टक्के धरला, तर केवळ बिल उशिरा गेल्याबद्दल वर्षाला ६५ हजारांहून अधिक व्याज भरावे लागते. ही रक्कम नफातोटा पत्रकात 'बँक व्याज' या नावाखाली निमूटपणे बसलेली असते. ती 'उशिरा लिहिलेली बिले' या नावाखाली आली असती, तर कोणत्याही शेठजींनी ती वर्षभर चालू दिली नसती.

बँकेच्या बाजूने याच प्रश्नाला आणखी एक पदर आहे. कॅश क्रेडिट घेणाऱ्या पेढीला दरमहा मालसाठा आणि येणे यांचे विवरणपत्र द्यावे लागते. त्यावरून उचल करण्याची मर्यादा ठरते. ठरावीक मुदतीपेक्षा, बहुधा ९० दिवसांपेक्षा, जुने येणे त्या हिशेबात धरले जात नाही. कोणाचे येणे किती दिवसांचे आहे, हे खतावणीतून हाताने काढायचे तर दोन दिवस जातात. मग घाईघाईत मागच्याच महिन्याचे आकडे थोडे फिरवून पुढे पाठवले जातात. लबाडीचा हेतू नसला, तरी तपासणीच्या वेळी असे पत्रक पेढीची पत कमी करते.

गिऱ्हाइकाचेही नुकसान होते. वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत विक्रेत्याने आपल्या विवरणपत्रात बिल दाखवले आणि ते खरेदीदाराच्या पत्रकात उमटले, तरच खरेदीदाराला भरलेल्या कराची वजावट मिळते. बिल राहून गेले, किंवा त्यावरील नोंदणी क्रमांकाचे एक अक्षर चुकले, तर वजावट अडते. मग "तुमचे बिल दिसत नाही, म्हणून पैसे थांबवले आहेत," असा फोन येतो. हे वाक्य आज बाजारपेठेत फार ऐकू येते, आणि बऱ्याचदा ते खरेही असते.

कायद्याचा रेटा

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा बिलावर काय काय असावे हे नियमांनी बांधून दिले: विक्रेत्याचे व खरेदीदाराचे नोंदणी क्रमांक, मालाचा एचएसएन संकेतांक, करपात्र मूल्य, कराचा दर व रक्कम, पुरवठ्याचे ठिकाण आणि १६ पेक्षा अधिक अक्षरे नसलेला, त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा अनुक्रमांक. पुढे ई-बीजक आले. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या उद्योगांना ते सक्तीचे झाले. मग मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली: १ जानेवारी २०२१ पासून १०० कोटी, १ एप्रिल २०२१ पासून ५० कोटी, १ एप्रिल २०२२ पासून २० कोटी, १ ऑक्टोबर २०२२ पासून १० कोटी आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. तीन वर्षांच्या आत ही सक्ती मोठ्या कारखान्यांपासून तालुक्याच्या गावातील घाऊक पेढीपर्यंत पोहोचली. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका वर्षात उलाढालीने ही मर्यादा ओलांडली असेल, तरी पेढी त्यात येते. पुढे विक्री घटली म्हणून सुटका होत नाही. वर घेतलेली ६ कोटींची पेढी अर्थातच या कक्षेत आहे.

ई-बीजकाबद्दल एक गैरसमज अजूनही आढळतो. बिल शासनाच्या संकेतस्थळावर 'तयार' होते, असे अनेकांना वाटते. तसे नाही. बिल पेढीच्या स्वतःच्या प्रणालीतच तयार होते. त्याची माहिती ठरलेल्या नमुन्यात नोंदणी पोर्टलवर पाठवली जाते. पोर्टल ती तपासून ६४ अक्षरांचा नोंद क्रमांक आणि अंकीय स्वाक्षरी असलेला क्यूआर कोड परत देते. हा क्रमांक विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक, दस्तऐवजाचा प्रकार, बिलाचा क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांवरून गणिती पद्धतीने निघतो. म्हणून एकच बिल दोनदा नोंदवता येत नाही. ज्यांना ई-बीजक सक्तीचे आहे, त्यांनी नोंदणीकृत खरेदीदाराला या मार्गाखेरीज दिलेला कागद कायद्याच्या दृष्टीने बीजकच ठरत नाही, ही गोष्ट गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

चूक झाली तर काय? पोर्टलवर नोंदलेले ई-बीजक २४ तासांच्या आत रद्द करता येते. त्यानंतर जमा चिठ्ठी म्हणजे क्रेडिट नोट काढून हिशेब दुरुस्त करावा लागतो. रद्द केलेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी व त्याहून अधिक उलाढालीच्या व्यावसायिकांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत ते पोर्टलवर नोंदवावे लागते. मागची तारीख घालून बिल करण्याची जुनी सोय त्यामुळे उरलेली नाही.

याच्या बदल्यात काही कटकटीही गेल्या आहेत, हे सांगितले पाहिजे. ई-बीजकाला तीन प्रतींचे बंधन नाही. वाहतुकीत कागदी प्रतीऐवजी क्यूआर कोड मोबाइलवर दाखवता येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिलेल्या बिलावर सही आवश्यक नाही. तरीही अनेक ठिकाणी संगणकातून बिल छापायचे, त्यावर शिक्का मारायचा, सही करायची, पुन्हा स्कॅन करायचे आणि मग पाठवायचे, असा द्राविडी प्राणायाम चालू असतो. त्यात यंत्राचा खर्च होतो आणि कागदाचा त्रासही तसाच राहतो.

यंत्र बिल करते म्हणजे काय करते

बिल संगणकावर टंकित करणे म्हणजे स्वयंचलन नव्हे. ते केवळ बिलबुकाऐवजी पडद्यावर लिहिणे झाले. खरे स्वयंचलन तेव्हा होते, जेव्हा एखादी माहिती व्यवस्थेत एकदाच शिरते आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर ती आपोआप पोहोचते.

त्यासाठी दोन मूळ याद्या लागतात. पहिली मालाची: जिनसेचे एकच ठरलेले नाव, एकक, एचएसएन संकेतांक, कराचा दर, भाव. ५ कोटींहून अधिक उलाढाल असल्यास हा संकेतांक ६ अंकी लागतो. दुसरी यादी गिऱ्हाइकांची: नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, ठरलेली सूट, उधारीची मुदत व मर्यादा. १५ अक्षरांच्या नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचा २७, कर्नाटकाचा २९. शेवटचे अक्षर तपासणीचे असते. त्यामुळे क्रमांक लिहिताना चूक झाली तर प्रणाली बहुतेक वेळा तेथेच अडवते.

आता ६०,००० रुपयांचा, १८ टक्के कराचा माल तासगावला पाठवायचा आहे. प्रणाली त्यावर केंद्राचा ५,४०० आणि राज्याचा ५,४०० रुपये कर लावते. तोच माल अथणीला पाठवायचा झाला, तर १०,८०० रुपये एकात्मिक कर लागतो. एकूण रक्कम दोन्हीकडे ७०,८०० रुपयेच. पण कर चुकीच्या खात्यात गेला तर तो पुन्हा योग्य खात्यात भरून पहिल्याचा परतावा मागत बसावे लागते. अथणीचा माल राज्याबाहेर जाणारा आणि ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा असल्याने त्याला ई-वे बिलही हवे. ते बीजकाच्याच माहितीवरून निघते. गोदामातील माणसाने माल निघाल्याची नोंद केली की बीजक तयार होते, पोर्टलवर जाते, क्रमांक घेऊन परत येते, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पोहोचते, त्याच्या खात्यावर रक्कम पडते, साठा कमी होतो आणि महिन्याच्या विवरणपत्रात ओळ तयार होते. वाहन गेटबाहेर पडण्यापूर्वी हे सर्व झालेले असते. सहा नकलांच्या जागी एक नोंद उरते.

कराचे दर बदलतात तेव्हा या व्यवस्थेचा उपयोग विशेष कळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या दरांत मोठे फेरबदल झाले. सिमेंटवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ज्यांच्याकडे मालाची यादी नीट होती, त्यांनी नवा दर तारखेसह एका जागी बदलला आणि दुसऱ्या दिवशीची बिले बरोबर निघाली. हाताने बिल लिहिणाऱ्याला मात्र प्रत्येक ओळीवर थांबून जुना की नवा दर हे आठवावे लागते.

दिवाणजींचे काय?

अनेक पेढ्यांत हा बदल अडतो तो पैशासाठी नव्हे, तर एका माणसासाठी. तीस-पस्तीस वर्षे गादीवर बसलेले दिवाणजी संगणकाला हात लावू इच्छित नाहीत. थोरल्या शेठजींना त्यांचे मन मोडवत नाही आणि नव्याने व्यवसायात आलेल्या मुलाला त्यांच्या वह्या म्हणजे अडगळ वाटते. दोघांच्या मध्ये वर्षे निघून जातात.

या ठिकाणी मुलाने एक गोष्ट ओळखली पाहिजे. दिवाणजींच्या वहीत जे लिहिले आहे, त्यापेक्षा जे लिहिलेले नाही ते अधिक मोलाचे आहे. जतच्या अमुक दुकानदाराला डाळिंबाचे पैसे आल्यावरच वसुलीला जावे. विट्याच्या गिऱ्हाइकाला पाइपवर दोन टक्के सूट आहे, पण सिमेंटवर नाही. एकाच नावाची दोन दुकाने भावाभावांची असून त्यांचे खाते चुकूनही एकत्र करू नये. हे ज्ञान कोणत्याही प्रणालीसोबत विकत मिळत नाही. ते यादीत उतरवायचे, तर दिवाणजींच्या शेजारी बसून, एकेक गिऱ्हाईक घेऊन, त्यांच्याच तोंडून ते लिहून घ्यावे लागते. महिनाभर हे काम केले, तर यादी खरी होते आणि ज्यांना आपण आता नकोसे झालो असे वाटत होते, त्यांना आपली गरज समजते. हे न करता, बाहेरच्या माणसाकडून दोन दिवसांत याद्या भरून घेतलेल्या पेढ्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: "संगणकाने सगळ्यांना एकच भाव लावला!"

बँकांनी हा अनुभव पूर्वीच घेतला आहे. बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला, तेव्हा नोकऱ्या जातील ही भीती मोठी होती. पुढे लेजर गेले, अर्धवार्षिक व्याजाची हाताने केलेली आकडेमोड गेली. पण कर्जदाराची पारख, थकबाकीदाराशी बोलणे आणि शंकास्पद नोंद ओळखणे ही कामे राहिलीच. पेढीतही तसेच आहे. बिल लिहिण्यात जाणारे दिवाणजींचे रोजचे तीन-चार तास मोकळे झाले, तर ते वसुलीकडे, बँकेच्या खात्याच्या मेळाकडे आणि पुरवठादारांच्या बिलांच्या तपासणीकडे वळवता येतात.

या शेवटच्या कामाचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. सूक्ष्म व लघू उत्पादकाकडून घेतलेल्या मालाचे पैसे कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असा २००६ च्या कायद्याचा दंडक आहे. २०२४-२५ या आकारणी वर्षापासून, ही मुदत उलटूनही वर्षअखेर थकलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरली जात नाही. येणे कोणाचे किती, याइतकेच देणे कोणाचे किती दिवसांचे, हे रोज डोळ्यांसमोर असणे त्यामुळे आवश्यक झाले आहे. ते पाहण्यासाठी दिवाणजींच्या नजरेइतकी सरावलेली नजर दुसरी नाही.

नोकरी जाणारच असेल, तर ती जाते कारकुनी नकलेची. बिले उतरवून काढणाऱ्या नव्या मुलाला वेळेवर प्रशिक्षण द्यावे, निदान त्याला अंधारात ठेवू नये. खर्च वाचला म्हणून आनंद मानताना, त्या खर्चामागे एका घराची चूल होती, हे मालकाने विसरू नये.

नव्या पद्धतीचे नवे धोके

यंत्र चूक करीत नाही, असे म्हणणे धाडसाचे आहे. माणसाची चूक एका बिलात राहते. यादीतील चूक हजार बिलांत जाते. म्हणून बँकांतील जुना दंडक पेढीतही आणावा: नोंद करणारा एक आणि तिला मान्यता देणारा दुसरा. कराचा दर, गिऱ्हाइकाची सूट आणि पेढीचा बँक खाते क्रमांक हे तीन रकाने बदलण्याचा अधिकार एका-दोघांपुरताच असावा. सर्वांचा मिळून एकच पासवर्ड, आणि तोही पडद्यालगत चिठ्ठीवर चिकटवलेला, हे चित्र तिजोरीची किल्ली खुंटीवर टांगण्यासारखे आहे.

दुसरा धोका फसवणुकीचा. पेढीच्या नावाने हुबेहूब दिसणारे बिल गिऱ्हाइकाला पाठवून त्यात बँक खाते तेवढे वेगळे घालायचे, हा प्रकार आता नवीन राहिलेला नाही. 'आमचे खाते बदलल्यास आम्ही स्वतः फोन करून कळवू. केवळ संदेशावर विश्वास ठेवू नये' अशी सूचना बिलावर छापावी. उलट बाजूने, पुरवठादाराचे खाते बदलल्याचा निरोप आला, तर आपल्याकडील जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्यावाचून एक रुपयाही पाठवू नये.

तिसरा धोका माहिती हरवण्याचा. हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२४-२५ चे वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२५ ला देय, म्हणजे त्या वर्षाची बिले ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत सापडली पाहिजेत. वही वाळवी खाते, तशी हार्ड डिस्कही एके दिवशी बंद पडते. रोजची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीतून जुने बिल खरोखर उघडते का, हे पाहावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. 'कच्चे' आणि 'पक्के' अशी दोन प्रकारची बिले करणाऱ्या घराला स्वयंचलन मानवत नाही. गोदामातून निघालेला प्रत्येक नग बिलाशी जोडला गेला की बिलाशिवाय गेलेला माल साठ्यातील तूट म्हणून उघडा पडतो. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरबदलाचा माग ठेवणारीच लेखाप्रणाली वापरावी लागते. भागीदारी किंवा एकट्याच्या मालकीच्या पेढीला ते बंधन नसले, तरी तसा माग ठेवणे तिच्याच हिताचे आहे. सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी आणि मुलांनी एकत्र बसून या प्रश्नाचा निकाल लावावा. तो लावला नाही, तर सर्वांत चांगली प्रणालीही सहा महिन्यांत धूळ खात पडते, आणि दोष मात्र संगणकाला दिला जातो.

सुरुवात कशी करावी

बदलाला १ एप्रिल ही तारीख सोयीची, कारण त्या दिवशी बिलांचा नवा अनुक्रम सुरू करता येतो. तयारी मात्र डिसेंबरातच आरंभावी. पहिला महिना मालाच्या यादीसाठी द्यावा. 'अर्धा इंची नळ', 'नळ १/२' आणि 'नळ अर्धा' ही एकाच जिनसेची तीन नावे असतील, तर एक ठेवून दोन पुसावीत. दुसरा महिना गिऱ्हाइकांच्या यादीसाठी. प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर पडताळावा आणि येणे बाकीची रक्कम त्याच्याकडून लेखी कबूल करून घ्यावी. तिसऱ्या महिन्यात जुन्या बिलांवरून नव्या प्रणालीत सराव बिले करून आकडे ताडून पाहावेत. सराव चालू असताना गिऱ्हाइकाच्या हाती एकच बिल जावे, हे कटाक्षाने पाहावे. एका विक्रीची दोन बिले बाहेर पडली, तर तो घोटाळा निस्तरायला वर्ष जाते.

सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाला मोजके प्रश्न विचारावेत. इंटरनेट बंद असताना बिल थांबेल का? आमची सर्व माहिती आम्हाला हवी तेव्हा, दुसऱ्या प्रणालीत नेता येईल अशा स्वरूपात मिळेल का? दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी किती पैसे लागतील? अडचण आल्यास मराठीत बोलणारा माणूस फोन उचलेल का? उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावीत. ज्या पेढीत हीच प्रणाली वर्षभर चालू आहे, तेथे जाऊन मालकाशी नव्हे, तर रोज बिल करणाऱ्या माणसाशी अर्धा तास बोलावे.

५ कोटींच्या आतील व्यापाऱ्याला ई-बीजकाची सक्ती आज नाही. म्हणूनच त्याच्या हाती अद्याप वेळ आहे, आणि घाईत केलेल्या बदलापेक्षा सवडीने केलेला बदल स्वस्त पडतो. त्याने लगेच काही विकत घ्यावे, असे मुळीच नाही. येत्या रविवारी दुकान बंद असताना घरातील शिकलेल्या मुलीला किंवा सुनेला आणि दिवाणजींना एकत्र बसवून, दुकानातील पहिल्या शंभर जिनसांची नावे, एकके आणि कराचे दर एका तक्त्यात लिहून काढावेत. त्या शंभर ओळी लिहितानाच कोणत्या मालाचा दर चुकीचा लागत होता आणि कोणत्या मालाला दोन नावे होती, हे कळून येईल.